गावाचा सालगडी

माझे सासरे आमच्या गावाचे सालगडी होते. असं मी म्हटलं की नातवंडं हसतात. म्हणतात, "आजी, सरपंच होते ते." सरपंच होतेच, मी कुठं नाही म्हणते? पण त्यांना स्वतःला विचारलं असतं तर त्यांनी माझंच म्हणणं खरं धरलं असतं.

मध्यंतरी डोळे दाखवायला परभणीला गेले होते. चौकात गाडी थांबली तर समोर एका माणसाचा घराएवढा फोटो. हात जोडलेले, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे आणि खाली ठळक अक्षरांत 'आपला नम्र सेवक'. सेवकाचा फोटो एवढा, तर मालकाचा केवढा लावला असेल, असं मी मोठ्यानं म्हणाले. ड्रायव्हर हसला. मुलगा ओशाळला, कारण त्याची त्या माणसाशी ओळख आहे. मग घरी येईपर्यंत माझ्या मनात मामाच होते. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांचा आमच्या घरात एकही फोटो नाही. काढायला कुणाला सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी ते समोर उभे राहिले नसते.

माझं माहेर वालूरचं. गाव मोठं, बाजार मोठा, आणि मुख्य म्हणजे पाणी मुबलक. बारवेच्या पायऱ्या उतरायच्या, घागर बुडवायची आणि वर यायचं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर थोड्याच वर्षांत माझं लग्न झालं आणि मी पोखर्णीच्या बाजूच्या एका लहानशा गावात नांदायला आले. जमीन काळीभोर, माणसं चांगली, नवरा चारचौघांत उठून दिसणारा. पाणी तेवढं नव्हतं. वरच्या आळीत एक जुना आड होता, तो वरच्या आळीलाच पुरत नसे. आम्ही खालच्या आळीच्या बायका ओढ्यावर जायचो. पावसाळ्यात गढूळ पाणी आणायचं आणि ओढा आटला की वाळूत खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणतात. झिऱ्यात पाणी पाझरून येईपर्यंत बसून राहायचं आणि वाटीवाटीनं घागर भरायची. जिचं माहेर बारवेचं, तिला हे किती झोंबत असेल ते तुम्हीच बघा. मला त्या गावाकडून एकच गोष्ट हवी होती. दागिना नको, लुगडं नको. आमच्या आळीत आड हवा. नवऱ्याला मी ते पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. तो 'बघू' म्हणाला होता आणि बघतच राहिला होता.

मामा तरुणपणी दुसऱ्या गावी एका मोठ्या घरी सालगडी होते. सालगडी म्हणजे पाडव्याला ठरवलेला आणि पुढच्या पाडव्यापर्यंत बांधलेला गडी. वर्षाचं धान्य, एक घोंगडी, पायात एक जोडा, आणि मालक सांगेल ते काम. मालकाच्या आधी उठायचं, मालकाच्या मागून जेवायचं, मालकाच्या बरोबरीनं बाजेवर बसायचं नाही. मधेच सोडून गेला तर 'साल मोडलं' म्हणायचे, आणि साल मोडणाऱ्याला दुसरीकडं कुणी उभं करत नसे. पाडवा आला की गड्यानं मालकासमोर जाऊन विचारायचं, साल भरलं, आता ठेवता का सोडता? मालकानं सोडलं तर का सोडलं हे विचारायचं नाही. मामांनी हे सगळं वर्षानुवर्षं पाळलं. पुढं चुलत्याची थोडी जमीन वाट्याला आली तेव्हा ते गावी परतले आणि आपलं आपण कसून खाऊ लागले.

भाषावार राज्यं झाली, आमचा मराठवाडा हैदराबादेतून सुटून मुंबईच्या राज्यात गेला, त्या सुमाराला गावात पंचायत आली. गावात दोन मोठी घरं होती. दोन्ही घरांना सरपंचपद हवं होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे ते दुसऱ्या घराला मिळायला नको होतं. बरीच खलबतं झाली आणि शेवटी दोघांचं आमच्या मामांवर एकमत झालं. हा माणूस कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, सांगू तिथं अंगठा देईल, असा दोन्हीकडचा होरा. मामा तेव्हा शेतात ज्वारी पेरत होते. त्यांना बांधावर बोलावून सांगितलं की आता तुम्ही सरपंच. त्यांनी विचारलं, "कामून?" त्याचं उत्तर दोघांपैकी कुणीच दिलं नाही.

पंचायतीच्या पहिल्या दिवशी तहसिलीतून एक साहेब आले. चावडीसमोर सतरंजी अंथरली होती. आम्ही बायका पलीकडच्या भिंतीला लागून उभ्या होतो. साहेब चांगले बोलले. जुनं राज्य गेलं, आता रयतेचं राज्य आलं, असं सगळं सांगून शेवटी म्हणाले की सरपंच हा गावाचा मालक नाही, सरपंच गावाचा नोकर आहे. टाळ्या पडल्या. दोन्ही मोठ्या घरांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या. साहेबांनी ते भाषण बहुधा प्रत्येक गावात केलं असणार, आणि प्रत्येक गावचे लोक टाळ्या वाजवून घरी गेले असणार. आमच्या गावात मात्र एका माणसानं ते मनावर घेतलं. मामांना नोकराचा एकच प्रकार माहीत होता.

घरी आले, ओसरीवर टेकले. आत्या आनंदात होती. गावातल्या हळदीकुंकवात पहिलं कुंकू आता आपल्याला लागणार, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मामा तिला म्हणाले की आजपासून मी गावाचा सालगडी. तिला वाटलं थट्टा करतात. म्हणाली, पाडवा तर लांब आहे, साल मधूनच कसं धरलं?

"मधूनच धरलंय," मामा म्हणाले. "पाडव्याला बगू, ठिवतेत का सोडतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चावडी झाडताना दिसले. सरपंच चावडी झाडायलाय, ही बातमी आमच्या दारात त्यांच्याआधी पोचली. आत्यानं कपाळाला हात लावला. मग हे रोजचंच झालं. चावडी झाडायची, दारातल्या रांजणात पाणी भरून ठेवायचं, मग गावातून एक फेरी मारायची आणि दारोदार विचारायचं, काही काम हाय का? लोक आधी लाजले, मग सवयीचे झाले. कुणाची गाय सापडत नव्हती, कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती, कुणाची दरख्वास्त तहसिलीत अडकली होती. मामा त्या दरख्वास्तीमागं पायी परभणीला जायचे, साहेबाच्या दारात बसून राहायचे. शिपायानं कोण म्हणून विचारलं तर सांगायचे, अमक्या गावचा सालगडी. शिपायाला वाटायचं मालकानं पाठवलंय. त्यात चूक काहीच नव्हती म्हणा.

खुर्चीची गंमत तर मी अजून सांगते. दोन्ही मोठ्या घरांनी मिळून चावडीला एक हातांची खुर्ची दिली होती, सरपंचाला बसायला. मामा तिच्यावर कधी बसले नाहीत. मालकाच्या बरोबरीनं गडी बसत नाही, तर मालकाच्या वर कसा बसेल? ते उंबऱ्यावर बसायचे, आणि गाऱ्हाणं घेऊन जो येईल त्याला खुर्चीवर बसवायचे. आता बघा, माणूस तावातावानं भांडायला यायचा, बांध कोरला, कडबा चोरला म्हणून शिव्या देत यायचा. त्याला मामा हाताला धरून त्या खुर्चीत बसवायचे आणि स्वतः खाली उंबऱ्यावर बसून वर बघत विचारायचे, "बोला मालक." एवढ्या उंचीवर बसल्यावर माणसाला शिवी देणं जड जातं. त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. कितीतरी भांडणं त्या खुर्चीनंच मिटवली. बाजाराच्या दिवशी एक जण झिंगून येऊन तिच्यात झोपून गेला, तर मामांनी त्याला उठवलं नाही. म्हणाले, मालक हाय, निजू द्या.

लग्नाकार्यात मामा शेवटच्या पंगतीला बसायचे. यजमान ओढून नेत असले तरी हात सोडवून घ्यायचे. याचा खरा त्रास आत्याला. गडी मागून जेवणार म्हटल्यावर गड्याची बायको आधी कशी जेवेल? पहिलं कुंकू राहिलं बाजूला, तिच्या वाट्याला खरवडीचा भात यायला लागला. एकदा ती मला म्हणाली की याच्यापेक्षा पाटलाची मोलकरीण झाले असते तर बरं होतं, निदान वेळेवर जेवले असते. पण दुसऱ्या कुणी मामांची टिंगल केली तर ती त्याला उभा चिरायची. तो हक्क तिनं फक्त स्वतःकडं ठेवला होता.

हिवाळ्यात तहसिलीतून गावासाठी एक आड मंजूर झाला. त्याच्यासाठी मामांनी किती चपला झिजवल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. आड एकच होता, पण मला तो एकच हवा होता. सरपंचाच्या आळीला पाणी नाही, आणि सरपंच म्हणजे माझा सासरा. मग आड दुसरीकडं जायचाच कुठं? मी मनात जागासुद्धा धरून ठेवली आणि नवऱ्याला सांगितली. लिंबाच्या झाडाच्या अलीकडं, सावली पडेल अशी. घरात रांजण कुठं मांडायचा तेही ठरवलं. आळीतल्या बायका माझ्याशी एकाएकी गोड बोलायला लागल्या. मी माहेरी निरोपसुद्धा धाडला की आता खुशाल या, पाण्याची ददात मिटली.

आणि एके दिवशी नवरा चावडीवरून येऊन चूपचाप जेवायला बसला. त्याचं ते चूपचाप बसणं मला कळायला लागलं होतं. मी विचारलं. तो म्हणाला, आड धनगरवस्तीवर पाडायचं ठरलं.

धनगरवस्ती ओढ्याच्या पलीकडं माळावर होती. मेंढरं राखणारी घरं. त्यांच्या बायका माळ उतरून आमच्याच ओढ्यावर यायच्या, आमच्याही पुढं जायच्या, आणि मेंढरं जिथं पाणी प्यायची त्याच डबक्यातलं गाळून न्यायच्या. त्यांना आडाची गरज जास्त होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि डोक्यावर घागर घेऊन चढ चढणं वेगळं. चावडीत सगळे आमच्याच आळीचं नाव घेत होते म्हणे. मामाच म्हणाले, "गड्यानं मालकाच्या आदी पाणी प्यायचं नसतंय. आदी वस्ती. आमची आळी शेवटाला." दोन्ही मोठी घरं बघत राहिली. ज्याला आपला बाहुला म्हणून बसवला, तो असा बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं.

मला एवढा संताप आला की मी मामांशी अबोला धरला. पण त्या काळी सून सासऱ्याशी तशीही बोलत नसे. ते आले की पदर पुढं ओढायचा आणि आत जायचं, काही सांगायचं तर आत्याच्या तोंडून. त्यामुळं माझा अबोला कुणाच्या लक्षातच आला नाही. याचा मला आणखी राग आला. मग मी ओढ्यावरून आले की घागर उतरवताना दगडावर दणकन आपटायला लागले. आत्या म्हणाली, घागरीला पोचे पाडू नको.  आजही मला वाटतं की मी रागावले ते बरोबरच होतं. चांगल्या माणसाच्या चांगुलपणाचं ओझं घरातल्या बायकांच्याच डोक्यावर येतं, आणि ते कुणी वाटून घेत नाही.

माघात ओढा आटला आणि झिरे सुरू झाले. काही दिवसांत मला एक गोष्ट जाणवली. सकाळी मी जायची तेव्हा झिरा उपसलेला असायचा. ढासळलेली वाळू बाजूला सारून ठेवलेली, कडेला बसायला सपाट दगड, आणि आत घागर बुडेल एवढं स्वच्छ पाणी साचलेलं. मला वाटलं नवरा करतो. मी त्याच्या ताटात तूप जास्त वाढायला लागले. त्यानं तूप खाल्लं आणि एक शब्द काढला नाही. मग एका संध्याकाळी सरपण आणायला त्या बाजूला गेले तर वाळूवर मामांची घोंगडी पडलेली, आणि मामा गुडघाभर खड्ड्यात उतरून वाळू उपसत होते. दिवसभर गावाचं काम करून ते रोज दिवे लागायच्या आधी तिथं यायचे. मी झाडाआड थांबून पाहिलं. माझा झिरा झाल्यावर ते पुढच्या झिऱ्यात उतरले, मग त्याच्या पुढच्या. आळीतल्या सगळ्या बायकांचे झिरे ते उपसत होते. खरं सांगते, माझ्या एकटीचा उपसला असता तर मला जास्त आवडलं असतं. पण त्या दिवसापासून मी घागर हळू उतरवायला लागले. नवऱ्याचं तूपही पूर्वीएवढं केलं.

शिमग्याच्या सुमाराला वस्तीवरच्या आडाला पाणी लागलं. सुरुंगाचे आवाज थांबले आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजवत वस्तीवरची माणसं नाचली, ते आम्हाला इकडं ऐकू आलं. आत्या म्हणाली, "पाणी प्यायला लागलेत, आता तरी तुज्या सासऱ्याला चैन पडंल." पण मामांना चैन नव्हती. पाडवा जवळ आला होता.

पाडव्याला सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या की चावडीसमोर गाव जमायचं. जोशीबुवा पंचांग वाचायचे, पाऊस किती, पीक कसं ते सांगायचे, आणि लिंबाचा पाला गुळासंगं वाटला जायचा. त्या वर्षी पंचांग वाचून झालं आणि लोक उठायला लागले, तोच मामा पुढं आले. खांद्यावर घडी घातलेली घोंगडी. पायातला जोडा त्यांनी काढून बाजूला ठेवला, कमरेची चावडीची किल्ली काढली आणि गावासमोर जमिनीवर ठेवली. मग हात जोडून म्हणाले, "मालक, साल भरलं. काम पसंत असंल तर ठिवा. नसंल तर मोकळं करा."

 अशी वेळ येईल हे कुणाच्या ध्यानीमनीच नव्हतं. दोन मोठ्या घरांपैकी एकाचा कर्ता म्हणाला की हे दरसाल विचारायचं नसतं, कायद्यानं मुदत अजून पुष्कळ आहे. मामा म्हणाले, कायदा त्याच्या जागी, सालगडी पाडव्याला विचारतो. तेव्हा दुसऱ्या घराचा कर्ता घसा साफ करून गोड आवाजात म्हणाला की सरपंचांचं वय झालं, शेतीकडं दुर्लक्ष होतंय, त्यांना नको असेल तर बळजबरी कशाला करायची? बोलताना त्याची नजर किल्लीवर होती. पहिल्याचीही तिथंच गेली. मामा खाली बघत उभे होते. मालकानं सोडलं तर का म्हणून विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. ते एक शब्द बोलणार नव्हते. घोंगडी खांद्यावर टाकून सरळ घरी आले असते.

मला वाटायला हवं होतं की सुटले तर बरंच झालं. आत्या वेळेवर जेवेल, घरचं औत वेळेवर चालेल, आणि दुसरा कुणी सरपंच झाला तर कदाचित त्याच्याकडून आमच्या आळीला आडही मिळेल. पण ती किल्ली तशी मातीत पडलेली मला बघवेना. मी आत्याकडं पाहिलं. इतके महिने कपाळाला हात लावणारी आत्या पदरानं डोळे पुसत होती.

बायकांच्या घोळक्यातून धनगरवस्तीवरची म्हातारी पुढं झाली. वस्तीची सगळ्यांत वडील बाई, हातात मेंढरं वळायची काठी. चावडीसमोर बाईनं बोलायची रीत नव्हती, पण तिला अडवायची हिंमत कुणात नव्हती. तिनं काठी टेकली आणि मामांना विचारलं, "मालक कोण म्हनलास?"

"तुमी समदे," मामा म्हणाले.

"मी बी?"

"तुमी बी, माय."

"मंग ऐक. साल धर. उचल ती किल्ली." मामा वाकले, तेवढ्यात तिनं काठी आडवी धरली. "थांब, काम सांगायचं ऱ्हायलं. पैलं काम, तुज्या आळीत आड पाडायचा. तुजी सून झिऱ्यावर बसलेली आमी वस्तीवरून बगतोत. तिला तिथं बगून आमाला आमच्या आडाचं पाणी गोड लागंना."

मामांचा चेहरा उतरला. ते म्हणाले की सरकारी आड एकच होता, आणि माझ्याच दारात आड पाडला तर लोक काय म्हणतील, गड्यानं आपलं घर भरलं म्हणतील.

म्हातारीनं त्यांच्याकडं शांतपणे पाहिलं. "गडी मालकाला उलटं बोलायलाय का?"

गाव हसलं.  इतके महिने गावाला ज्या शब्दानं बांधून ठेवलं होतं, त्याच शब्दात ते स्वतः सापडले होते. एकानं 'धरा साल' म्हटलं, मग दुसऱ्यानं, मग सगळीकडून तेच ऐकू यायला लागलं. मोठ्या घरांचे कर्तेही शेवटी म्हणाले, कारण न म्हणून सांगतात कुणाला? मामांनी किल्ली उचलली, कपाळाला लावली, आणि हळूच म्हणाले, "मालकाचा हुकूम." त्यानंतर ते जितकी वर्षं सरपंच राहिले तितक्या पाडव्यांना त्यांनी तशीच किल्ली खाली ठेवून विचारलं, आणि गावानंही दरवेळी काम सांगूनच साल धरलं. एका साली शाळेची खोली, एका साली ओढ्यावरचा रस्ता. लोक पाडव्याच्या आधी आपसांत बसून ठरवायला लागले की या वर्षी गड्याला काय सांगायचं. त्यामुळं गावाला मालकासारखं वागायची सवय लागली, असं मला आता वाटतं. सेवक म्हणवणारे आता पुष्कळ आहेत. पण साल भरल्यावर किल्ली खाली ठेवणारा दिसत नाही, म्हणून मालकही झोपलेले.

आमच्या आळीतला आड सरकारनं नाही, गावानं खणला. वस्तीवरचे धनगर मेंढरं पोरींवर सोपवून पहारी घेऊन आले. एका मोठ्या घरानं दोन गडी पाठवले, ते कळल्यावर दुसऱ्यानं तीन पाठवले. चैत्र गेला, वैशाखाच्या उन्हात खडक लागला, माणसं घामानं निथळली, पण काम थांबलं नाही. मामा खणायला होते, माती ओढायला होते, आणि दुपारी सगळ्यांचं जेवण झाल्यावर भाकरी खायला बसायचे. मृग लागायच्या आधी पाणी लागलं. लिंबाच्या अलीकडं, मी मनात धरली होती अगदी त्याच जागी. नवऱ्यानं जागा सांगितली होती. बघू म्हणणारा माणूस एवढं तरी लक्षात ठेवून होता.

पाणी निवळलं त्या दिवशी आळीनं आडाची पूजा केली. नारळ फुटला. पहिला पोहरा म्हातारीनं ओढला आणि तिनंच सगळ्यांना वाटायला सुरुवात केली. खणणारे प्याले, वस्तीवरचे प्याले, आळीतली पोरंसोरं, बायका, मोठ्या घरांची माणसं, सगळे प्याले. मी तांब्यानं पाणी देत होते. मामा पलीकडं लिंबाखाली खांद्यावरच्या घोंगडीवर हात ठेवून उभे होते, सगळ्यांचं व्हायची वाट बघत. खणून खणून त्यांच्या तळहातांना घट्टे पडले होते आणि ओठ सुकले होते.

मी तांब्या भरला, पदर सारखा केला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"मामा, पाणी घ्या."

ते दचकले, एक पाऊल मागं सरले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आदी समद्यांचं होऊ दे, बाई."

"झालं समद्यांचं."

"तुजं?"

माझं राहिलं होतं, आणि ते त्यांनी लांबून मोजलं होतं. मी म्हटलं, "मी बी या गावचीच हाय, मामा. हुकूम हाय. प्या."

त्यांनी म्हातारीकडं पाहिलं. ती काठीवर हनुवटी टेकून बसली होती, तिनं मान डोलावली. मग मामा खाली उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. मी वरून धार धरली. तांब्या रिकामा होईपर्यंत त्यांनी ओंजळ मोडली नाही. मग मी प्याले.